जुन्या रायफलीची सनद

जुन्या बंदुकांविषयी आपल्या समाजात दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक अभिमानाचं. "आमच्या परदादांना निजामाने रायफल दिली होती." "टिपू सुलतानच्या फौजेतली बंदूक आमच्या खानदानात होती." दुसरं भीतीचं. "ते लोखंड घरात ठेवू नका बाबा, कुठेतरी विहिरीत टाकून या." ही बंदूक नेमकी कोणती, ती कधी बनली, कुठे बनली, तिच्यावर काय कोरलंय आणि आज तिची किंमत काय, असं तिसरं बोलणं मात्र क्वचितच कानावर येतं. हा लेख त्या तिसऱ्या बोलण्याच्या बाजूने आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे लोक मला जुन्या वस्तूंचे फोटो पाठवतात. "सर, यावर फारसीत काय लिहिलंय ते सांगा." बंदुकीचा फोटो असेल तर बहुतेक वेळा त्यावर फारसी नसतेच. एक मुकुट असतो, दोन-तीन इंग्रजी अक्षरं असतात आणि खाली एक साल. म्हणजे ती ना टिपूची, ना कोणा नवाबाची. कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार झालेली सरकारी रायफल. हे सांगितलं की समोरचा हिरमुसतो. मला मात्र वाटतं, खरी गोष्ट इथूनच सुरू होते. कारण त्या मुकुटात, त्या अक्षरांत आणि त्या सालात इतका इतिहास भरलेला असतो की नवाबाच्या दंतकथेची गरजच उरत नाही.

आधी ओळख

सगळ्यात आधी एक फरक. प्रत्येक लांब बंदूक ही रायफल नसते. नळीच्या आत वळणदार चर पाडलेले असतील आणि त्या चरांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडत असेल तरच ती रायफल. इंग्रजीत या चर पाडण्याला रायफलिंग म्हणतात, त्यावरून हे नाव. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. कोकणात पिकं राखण्यासाठी परवान्यावर दिली जाणारी ठासणीची बंदूक, जुनी तोड्याची बंदूक, टिपूच्या काळातली चकमकीची बंदूक या बहुतांश गुळगुळीत नळीच्या.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. १८५३ साली ब्रिटिशांनी एनफील्ड रायफल स्वीकारली. तोंडाकडून ठासायची, ०.५७७ इंच व्यासाची, लांब नळी लाकडाला तीन कड्यांनी बांधलेली. तिचं कागदी काडतूस दातांनी फाडावं लागे आणि त्या कागदाला गाय-डुकराची चरबी लावली आहे ही बातमी १८५७ च्या सुरुवातीला दमदमच्या छावणीतून पसरली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. हिंदू शिपाई आणि मुसलमान शिपाई एकाच काडतुसावरून एकत्र आले. हे शाळेच्या पुस्तकात आहे.

त्यानंतर त्या बंदुकीचं काय झालं, ते पुस्तकात नाही. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी याच एनफील्डचे १८५८ आणि १८५९ चे नमुने काढले. बाहेरून तशीच बंदूक, तेच लाकूड, तशाच कड्या. पण आतले चर काढून टाकलेले, नळी गुळगुळीत. म्हणजे लांबवरचा नेम धरण्याची तिची ताकदच काढून घेतलेली. गोऱ्या सैनिकाकडे रायफल आणि काळ्या शिपायाकडे तिचं फक्त रूप. तोफखाना तर बव्हंशी गोऱ्यांच्याच हाती ठेवावा असं पील आयोगाने १८५९ मध्ये सुचवलं.

म्हणून एखाद्या घरात किंवा संग्रहालयात एनफील्डसारखी दिसणारी बंदूक असेल तर जाणकार आधी नळीच्या आत पाहतो. चर आहेत की नाहीत? नसतील, आणि ते झिजून नव्हे तर मुद्दाम घासून काढलेले असतील, तर ती बंदूक एका अविश्वासाचा पुरावा आहे. राज्यकर्त्याने आपल्याच सैनिकाला दिलेलं अर्धं हत्यार. हा पुरावा कोणत्याही पोवाड्यापेक्षा किंवा कसीद्यापेक्षा स्पष्ट बोलतो.

थ्री नॉट थ्री

आपल्याकडे सर्वांनी पाहिलेली जुनी रायफल म्हणजे थ्री नॉट थ्री. बँकेच्या दारात, कोर्टाच्या फाटकावर, निवडणुकीच्या बूथवर पोलिसाच्या खांद्याला लटकलेली. तिचं खरं नाव ली-एनफील्ड. ली हे तिची यंत्रणा रचणाऱ्या जेम्स पॅरिस ली याचं आडनाव आणि एनफील्ड हे लंडनजवळचं सरकारी कारखान्याचं गाव. आपल्या रस्त्यावरच्या बुलेटच्या टाकीवर जे एनफील्ड लिहिलेलं असतं तेही इथलंच. ती कंपनी सुरुवातीला या कारखान्याला सुटे भाग पुरवायची. थ्री नॉट थ्री म्हणजे नळीचा व्यास ०.३०३ इंच.

या रायफलीचा सर्वात प्रसिद्ध नमुना, मार्क तीन, १९०७ साली आला. पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगाने व्हावं म्हणून १९१६ मध्ये काही भाग वगळून तो सोपा केला गेला. या सोप्या नमुन्याच्या नावापुढे एक चांदणी असते. भारतात ही रायफल बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनली. इशापूर बराकपूरला लागूनच आहे. ज्या बराकपूरच्या छावणीत २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडेने गोळी झाडली, त्याच्या शेजारी पन्नास वर्षांनी इंग्रजांनी हिंदुस्थानी कारागिरांच्या हातून रायफली बनवून घ्यायला सुरुवात केली.

आता तिच्यावरच्या खुणा कशा वाचायच्या ते सांगतो. दस्ता जिथे मधल्या भागाला जोडला जातो तिथे उजव्या बाजूला, बोल्टच्या मुठीखाली, एक धातूचा पट्टा असतो. तो या रायफलीचा जन्मदाखला. वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि नमुना. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. ई आर म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी आर म्हणजे जॉर्ज, पाचवा किंवा सहावा. कोणता ते सालावरून ठरतं.

इशापूरच्या रायफलीवर मात्र जी आर नंतर आणखी एक अक्षर दिसतं, आय. जी आर आय. हा आय म्हणजे इम्पेरेटर, सम्राट. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीवर तो नुसता राजा आणि आपल्याकडे बनलेल्या रायफलीवर तोच माणूस सम्राट. एका अक्षरात सगळं साम्राज्य. वर्गात वसाहतवाद समजावताना मला पानभर लिहावं लागतं, इथे ते एका ठशात उमटलेलं आहे.

मालकीच्या खुणा वेगळ्या. आय या अक्षरावर बाणाचं टोक असेल तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील तर ती सरकारी सेवेतून अधिकृतपणे विकली गेलेली. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्या जागी अशोकाचे सिंह आले. इशापूरने साठच्या दशकात हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी पुन्हा घडवली. या रायफलींवर आर एफ आय आणि दोन ए किंवा दोन ए एक असा नमुना लिहिलेला असतो आणि तिची मॅगझीन चौकोनी दिसते. लांबून दोन्ही सारख्याच, पण एक राजाच्या काळातली आणि दुसरी चीन युद्धानंतरची.

आणखी एक प्रकार आहे, तो मला फार बोलका वाटतो. इंग्रजांनी इशापूरच्या काही रायफलींची नळी ०.४१० इंचाची गुळगुळीत करून, एका वेळी एकच गोळी बसेल अशा करून पोलीस आणि तुरुंगरक्षकांना दिल्या. त्या चोरीला गेल्या किंवा शिपाई उलटले तरी लष्करी काडतूस त्यात चालू नये म्हणून. १८५८ ची युक्ती विसाव्या शतकात पुन्हा वापरली गेली. साल बदललं, अविश्वास तोच.

या रायफलीचं आयुष्य किती लांबलं पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर स्वयंचलित बंदुका घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर आपल्या काही पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी. संग्राहकाला जी वस्तू कौतुकाची वाटते, ती आपल्या शिपायाच्या खांद्यावर नाइलाज म्हणून राहिली. जुनेपणाचं कौतुक करताना एवढं भान ठेवलेलं बरं.

मग साल

साल वाचणं सोपं वाटतं, पण आपल्या देशात ते सोपं नाही. कारण इथे सालं अनेक आहेत.

समजा एखाद्या वस्तूवर किंवा तिच्या कागदावर १३०९ हा आकडा आहे. तो हिजरी असेल तर इसवी सन १८९१-९२. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून नुसतं ६२२ मिळवून चालत नाही. आधी आकड्याला ३३ ने भागून आलेली संख्या वजा करायची, मग ६२२ मिळवायचे. पण तोच १३०९ हैदराबाद संस्थानच्या सरकारी कागदावर असेल तर तो बहुधा फसली, आणि दख्खनच्या फसलीत ५९० मिळवायचे असतात. म्हणजे १८९९. आठ वर्षांचा फरक. मराठवाड्यात जमिनीचे जुने कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हा फसलीचा हिशोब चांगला माहीत असतो. घरातल्या बंदुकीचा निजामकाळातला उर्दू परवाना सापडला तर तोच हिशोब लावावा लागतो.

टिपू सुलतानच्या बाबतीत तर आणखी गुंता. त्याने १७८७ च्या सुमारास स्वतःची मौलूदी कालगणना सुरू केली. ती हिजरतपासून नव्हे, पैगंबरांच्या जन्मापासून मोजलेली. शिवाय त्याच्या नाण्यांवर या सालाचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले असतात. समजा त्याच्या काळातल्या बंदुकीवर मौलूदी १२२२ आहे. म्हणजे इसवी सन १७९४. हे ठाऊक नसलेला माणूस त्याला हिजरी समजेल आणि १८०७ काढेल. टिपू तर ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणमध्ये शहीद झाला. म्हणजे अस्सल वस्तू नकली ठरेल, तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

नेपाळचं उदाहरण आपल्या मराठी वाचकांना आवडेल. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात पडून असलेला जुन्या बंदुकांचा प्रचंड साठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. नेपाळात बनलेल्या त्यातल्या बंदुकांवर देवनागरी अक्षरं आणि आकडे आहेत. परदेशी संग्राहकांना ते वाचायला मदत घ्यावी लागते. आपल्या तिसरीतल्या मुलाला ते आकडे वाचता येतील. साल असेल तर विक्रम संवताचे ५७ वजा करायचे, एवढंच त्याला सांगावं लागेल.

साल महत्त्वाचं का, याचं एक कोरडं कारणही आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरली जाते आणि तिला नव्या बंदुकांचे केंद्रीय नियम लागत नाहीत. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन रायफली, एक १८९८ ची आणि एक १८९९ ची, बाजारात वेगवेगळ्या वागवल्या जातात. एका आकड्यावर पैसे अवलंबून असतात. आणि जिथे पैसे असतात तिथे तो आकडा खोटा लिहिणाराही असतो.

खोटेपणा अक्षरात दिसतो

पेशावर आणि कोहाटच्या मधे दर्रा आदमखेल नावाचं गाव आहे. तिथले पठाण कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या कानशीने आणि साध्या अवजारांनी इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला बनवत आले आहेत. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अनेक परदेशी सैनिकांनी अशा बंदुका "जुन्या ब्रिटिश रायफली" म्हणून बाजारातून विकत घेतल्या.

त्या ओळखायच्या कशा? शिक्षकाला हे चटकन समजेल, कारण वह्या तपासताना आपण तेच करतो. या नकलांवर इंग्रजी एन उलटा असतो, एस आरशातल्यासारखा असतो, एनफील्डचं स्पेलिंग चुकलेलं असतं. मुकुट राणीचा, अक्षरं व्ही आर आणि खाली साल १९०१ नंतरचं. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तिचा शिक्का त्यानंतरच्या सालावर कसा?

त्या कारागिराला इंग्रजी येत नव्हतं. त्याच्यासाठी ते अक्षर नव्हतं, चित्र होतं. पहिलीतलं मूल सहाचा आकडा उलटा काढतं, तसंच. त्याचा हात पक्का होता आणि पोलादही बऱ्यापैकी होतं. तो फसला तो फक्त अक्षरात. मी मुलांना नेहमी सांगतो की अर्थ न समजता केलेली नक्कल कुठेतरी उघडी पडतेच. त्याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

सनद आणि मतन

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

हदीसचा अभ्यास ज्यांनी थोडाफार केला आहे त्यांना सनद आणि मतन हे दोन शब्द माहीत असतात. इतर वाचकांसाठी सांगतो. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींची नोंद. ती ज्यांच्यामार्फत आपल्यापर्यंत आली त्या माणसांची साखळी म्हणजे सनद, आणि प्रत्यक्ष मजकूर म्हणजे मतन. मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या अभ्यासकांनी, दोन्ही तपासले. अमुक माणसाने तमुकाकडून ऐकलं म्हणता, पण ते एकाच काळात जगले होते का? एकमेकांना भेटले होते का? सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती? यासाठी हजारो माणसांची चरित्रं लिहिली गेली. त्या विद्येला अस्मा-उर-रिजाल म्हणतात. मग त्या नोंदीला सहीह, जईफ किंवा मौजू म्हणजे पक्की, कमकुवत किंवा रचलेली असा दर्जा दिला गेला.

माझी तुलना हदीसशी नाही, पद्धतीशी आहे. लंडनच्या लिलावगृहातला जाणकार जुन्या रायफलीचं नेमकं हेच करतो. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची साखळी तो मागतो. ती झाली सनद. वस्तूवरच्या खुणा तो तपासतो. ते झालं मतन. साखळी चांगली पण व्ही आर खाली १९०५, तर मतनच नाकारलं. खुणा चोख पण साखळी तुटलेली, तर किंमत खाली.

ज्या समाजाने ही तपासणी एवढ्या बारकाईने विकसित केली, त्याच समाजात आज घराण्याच्या गोष्टी बिनसनदीच्या चालतात. व्हॉट्सॲपवर तलवारीचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं "टिपू सुलतानची तलवार", आणि आपण माशाअल्लाह लिहून पुढे पाठवतो. कोणी काढला, कुठे आहे, कशावरून, एकही प्रश्न नाही. हा दोष फक्त आपला नाही. गावोगावी अमुक सरदाराची ढाल आणि तमुक लढाईतली बंदूक म्हणून पूजल्या जाणाऱ्या वस्तू आहेत, त्यातल्या काहींवर इंग्रजी कारखान्याचा ठसा आहे. पण शेजाऱ्याच्या वहीतल्या चुका मोजून आपली वही बरोबर होत नाही.

किंमत कशाची?

"सर, किती येतील?" हा प्रश्न हमखास असतो. त्याचं सरळ उत्तर असं. जुन्या रायफलीची किंमत पाच गोष्टी ठरवतात. एक, ती मुळातली आहे का, की भाग बदललेत. दोन, बोल्ट, नळी, मधला भाग आणि पुढची टोपी यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का. तीन, स्थिती, विशेषतः नळीच्या आतली. चार, तो नमुना किती दुर्मिळ. पाच, सनद.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्याचं नुकसान आपण स्वतः करतो. पाहुणे येणार म्हणून पॉलिश पेपरने घासून चकचकीत करणं, लाकडाला फर्निचरचं व्हार्निश मारणं, खुणा "खराब दिसतात" म्हणून बुजवणं. संग्राहकाच्या नजरेत हे पाप आहे. शंभर वर्षांचा काळपट थर आणि लाकडावरचे पुसट ठसे हीच तर तिची साक्ष. ती पुसली की उरतं ते नुसतं लोखंड आणि लाकूड.

सनद किती मोठी गोष्ट आहे ते टिपूच्या बंदुकांवरून कळतं. त्या चकमकीच्या, रायफली नव्हेत. पण हिशोब तोच. २०१९ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या बर्कशायरमध्ये टिपूची चांदीने मढवलेली एक बंदूक ६० हजार पौंडांना विकली गेली. ती एका कुटुंबाच्या माळ्यावर पडून होती. ईस्ट इंडिया कंपनीचा मेजर थॉमस हार्ट श्रीरंगपट्टणहून परतताना ती घेऊन गेला होता. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने टिपूच्या दुसऱ्या एका बंदुकीची निर्यात तात्पुरती रोखली. १७९३-९४ मध्ये बनलेली, असद खान मुहम्मद या कारागिराची सही असलेली शिकारी बंदूक, पुढे कॉर्नवॉलिसला भेट दिली गेलेली. किंमत २० लाख पौंड. ती ब्रिटनबाहेर जाऊ नये, ब्रिटनमधल्याच कुणा संस्थेने विकत घ्यावी म्हणून ही रोक.

म्हणजे श्रीरंगपट्टणच्या असद खानने घडवलेली बंदूक आता ब्रिटनचा वारसा आहे. यावर रागावता येईल, आणि राग योग्यही आहे. पण एक कडू गोष्ट मान्य करावी लागेल. लूट नेणाऱ्यांच्या घरात सनद टिकली. कोणी आणली, कुठून आणली, कोणाला दिली, याची आठवण आणि कागद त्यांनी दोनशे वर्षं जपले. ज्यांची लूट झाली त्यांच्या घरात ना वस्तू राहिली, ना कागद, ना त्या असद खानचं नाव. टिपूचं नाव आपल्याला पाठ आहे. त्याची बंदूक घडवणाऱ्या कारागिराचं नाव आपल्याला लिलावाच्या बातमीतून कळतं.

भीती आणि कायदा

दुसऱ्या बोलण्याविषयी, म्हणजे भीतीविषयी, बोललं नाही तर हा लेख खोटा ठरेल. मुसलमानाच्या माळ्यावर जुनी बंदूक सापडणं ही इतिहासाची बातमी होईलच असं नाही, ती वेगळीच बातमी होऊ शकते, हे आपण जाणतो. मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ नंतरच्या दिवसांची आठवण सांगणारे बुजुर्ग मी ऐकले आहेत. त्या धास्तीत हत्यारं गेली आणि त्यांच्यासोबत परवाने, पत्रं, फर्मानं, वंशावळीही गेल्या. लोखंडाच्या भीतीने कागद जाळले गेले.

भीतीवर उपाय लपवणं नाही, कायदा समजून घेणं हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या, कालबाह्य आणि दुरुस्त करूनही गोळी झाडू न शकणाऱ्या हत्याराला सूट आहे. पण "जुनी आहे म्हणजे परवाना नको" हा समज चुकीचा. १९१६ ची इशापूर रायफल शंभर वर्षांची असली तरी गोळी झाडते. शिवाय थ्री नॉट थ्री हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, तो सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून तर नागरिकांसाठी इशापूरने.३१५ ची रायफल काढली. हत्यार सूट मिळण्यासारखं आहे की नाही हे आपण घरात बसून ठरवायचं नसतं.

परवानाधारक वारला तर वारसांनी ते हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं आणि मग वारसा म्हणून परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे लंडनच्या लिलावातले आकडे वाचून आपल्या माळ्याचा हिशोब मांडणं व्यर्थ आहे. इथे विकत घेणाराही परवानाधारकच हवा. म्हणून आपल्याकडे पैशांतली किंमत बहुधा थोडीच निघते.

पण किंमत म्हणजे फक्त पैसा असं मी मानत नाही. घासून गुळगुळीत केलेली १८५८ ची एक नळी एखाद्या संग्रहालयात नीट माहितीसह ठेवली गेली, तर १८५७ नंतर हिंदी शिपायाला कसं वागवलं गेलं हे शाळेतल्या मुलाला दोन मिनिटांत समजेल. पुण्याचं केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हैदराबादचं सालारजंग, या ठिकाणी शस्त्रांची दालनं आहेत. मुलांना तिथे नेऊन "केवढी मोठी तलवार" एवढंच दाखवण्याऐवजी ठसा कुठे आहे, साल कोणतं आहे, ते शोधायला सांगा.

आणि घरात काही असेल, किंवा काही होतं अशी नुसती आठवण असेल, तर तीन कामं करा. आधी कायद्याचं, ते टाळू नका. मग खुणांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, वस्तू न घासता. आणि नानी-दादी, अब्बा-चाचा जे सांगतात ते त्यांच्या नावासह, तारखेसह लिहून घ्या. "म्हणतात की" असं नको. कोणी सांगितलं, त्यांनी कोणाकडून ऐकलं, असं लिहा. पेटीतला उर्दू किंवा मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत देऊ नका. वाचणारा शोधा, नाहीतर घरातल्या एका मुलाला ती लिपी शिकवा.

तपासणीत गोष्ट जईफ निघाली तर निघू द्या. निजामाने दिलेली रायफल ही पोलीस खात्यातून लिलावात घेतलेली निघाली, म्हणून परदादा लहान होत नाहीत. उलट तेव्हा पहिल्यांदा कळतं की ते कोण होते, कुठे नोकरीला होते, कोणत्या सालात कोणत्या सहीने त्यांना ती मिळाली. नवाबाच्या गोष्टीत आपले परदादा फक्त भेट घेणारे असतात. खऱ्या कागदात त्यांचं स्वतःचं नाव असतं.